अंडी उबवणी यंत्राबाबत अर्ज

वीजमीटरच्या काचेतून डोकावून अख्खं घर वाचून काढणारा माणूस नागपुरात एकच होता, आणि त्याच्या सगळ्या अर्जांचा टायपिस्ट मी होतो. हे मी काही अभिमानाने सांगत नाही. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसणाऱ्याला गिऱ्हाईक निवडता येत नाही. माझ्याकडे भाडेकरू येतात, भाऊबंद येतात, हिस्से मागणारे पुतणे येतात. चार-दोन वर्षं भांडतात आणि निकाल लागो न लागो, थकून घरी बसतात. हे गृहस्थ मात्र अकरा वर्षं येत राहिले. वीज कंपनीत एकतीस वर्षं मीटर रीडर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात भर दुपारीसुद्धा एक छोटी टॉर्च, आणि काखेत जाड दोऱ्याने बांधलेली फाइल. सगळं आवार त्यांना रीडरसाहेब म्हणायचं. माझ्याकडे टाइपरायटर होता तेव्हापासून ते येत होते; पुढे संगणक आला, प्रिंटर आला, माझे केस गेले, पण रीडरसाहेबांचे अर्ज तेच राहिले. म्हणजे मजकूर दर वेळी नवा असे, पण ज्या व्यक्तीविरुद्ध अर्ज करायचा ती व्यक्ती एकच. ती त्यांची घटस्फोटित बायको होती, आणि ती त्यांच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहत होती.

घर सक्करदऱ्यात, तलावापासून हाकेच्या अंतरावर. दोघांनी मिळून घेतलेलं, दोघांच्या नावावर. घटस्फोट परस्परसंमतीने झाला. तेवढीच एक संमती त्यांच्यात झाली असावी. पुढच्या दोन खोल्या तिच्या, मागच्या दोन ह्यांच्या, आणि मधलं दार दोन्हीकडून कड्या घालून बंद. विजेचं मीटर मात्र एकच राहिलं. दुसरं मीटर घ्यायचं तर दोन्ही मालकांची सही लागते, आणि आधी सही कोणी करायची याचा निर्णय अकरा वर्षांत झाला नाही. मग रीडरसाहेबांनी स्वतःच्या हाताने तिच्या व्हरांड्यात एक जुनं, चकती फिरणारं सबमीटर बसवलं. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सात वाजता ते फाटकातून आत जात, टॉर्च मारून आकडा वाचत, डायरीत लिहीत आणि तिच्या हिश्शाची चिठ्ठी दाराच्या फटीतून आत सरकवत. संध्याकाळी त्याच फटीतून पैसे बाहेर येत, सुट्या नाण्यांसकट. तोंडाने एक अक्षर बोलणं नाही. बायकोचं नाव तर त्यांनी टाकूनच दिलं होतं. ते तिला ‘गैरअर्जदार’ म्हणायचे. “आज गैरअर्जदार बाजारात चालली होती,” असं सहज सांगायचे, आणि कोर्टाबाहेरच्या माणसाला ते हे कोणत्या प्राण्याबद्दल बोलताहेत ते कळत नसे.

पण मीटर वाचण्यात त्यांना तोड नव्हती, हे मला कबूल केलंच पाहिजे. रस्त्याने जाता जाता ते कुठल्याही घराच्या मीटरपाशी अर्धा मिनिट थबकत आणि म्हणत, “यायची सून माहेरी गेली. दहा दिवसांपासून मिक्सर नाही फिरला.” किंवा, “इथं पाहुणे आले. सकाळी सकाळी गीझरची घाई चालू आहे पाहा.” मी थट्टा म्हणून एकदोनदा दार वाजवून खात्री करून घेतली आणि एवढंसं तोंड घेऊन परत आलो. एकदा मी त्यांना घरी चहाला बोलावलं. आत येण्याआधी ते आमच्या मीटरसमोर उभे राहिले, डोळे बारीक केले आणि आत येऊन बायकोला नमस्कार करून म्हणाले, “वहिनी, विजेची शेगडी नवीन घेतली वाटते. चांगली आहे. दोन हजार वॅटची.” ती शेगडी बायकोने माझ्यापासून लपवून भिशीच्या पैशांतून आणली होती. त्या दिवशी चहा झाला नाही. त्यानंतर रीडरसाहेब येणार म्हटलं की आमच्याकडे आधी मेन स्विच बंद व्हायचा.

त्यांच्या नोकरीत कुणी त्यांना चहा पाजू शकलं नाही, आणि कुणाच्या मीटरचा एक आकडा त्यांनी इकडचा तिकडे केला नाही. स्वतःच्या साहेबाच्या बंगल्याचं थकलेलं बिलसुद्धा त्यांनी यादीत पहिल्या नंबरवर घातलं, आणि साहेबाने त्यांची बदली उमरेडला केली. उमरेड हे त्यांचं सासर. बदलीची शिक्षा सासरवाडीत भोगायची म्हणजे खरं तर चंगळ, पण ह्या माणसाने पहिल्याच महिन्यात सासऱ्याच्या मीटरवर चिकटवलेलं चुंबक शोधून काढलं आणि पंचनामा करून घेतला. सासरे सूत आणि साड्यांचा लहानसा व्यापार करणारे, गावात मान असलेले. दंड भरला, पण दिवाळीला सासूबाईंनी जावयाला ओवाळलं ते तोंड फिरवून म्हणे. हे मला स्वतः रीडरसाहेबांनीच सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “पण रीडिंग बरोबर होतं, भाऊ.” त्यांच्या सगळ्या गोष्टींचा शेवट याच वाक्याने व्हायचा. ऐकणाऱ्याला त्यांचा रागही येई आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटे, आणि मी तर दोन्ही भावना एकाच वेळी बाळगून त्यांचे अर्ज टाइप करायचो.

अर्ज तरी कशाकशाचे! पाण्याच्या टाकीच्या सफाईचा अर्धा खर्च. घरपट्टीतला अर्धा वाटा आणि उशीर झाल्याचं व्याज. फाटक रंगवण्याचा खर्च गैरअर्जदाराने नाकारला म्हणून ह्यांनी मोजपट्टी लावून फाटकाचा अर्धाच भाग हिरवा रंगवला. चार दिवसांनी तिने उरलेला अर्धा निळा रंगवून घेतला, आणि पोस्टमन पत्ता विचारणाऱ्याला “ते दोन रंगाच्या फाटकाचं घर” असं सांगू लागला. मग लिंबाच्या झाडाचा अर्ज आला. झाड हद्दीवर, पाणी ह्यांच्या नळाचं आणि लिंबं पडत तिच्या अंगणात. चार महिन्यांत एकशे बारा लिंबं पडली, त्यांपैकी छप्पन्न अर्जदारास मिळावीत, असा तो मजकूर होता. मी म्हटलं, “रीडरसाहेब, कोर्ट हसेल हो.” ते म्हणाले, “हसू द्या. पण आकडा बरोबर आहे का नाही?” नोटीस गेली. आठवड्याभराने त्यांच्या दारात लोणच्याची बरणी आली, वर चिठ्ठी: ‘लिंबं ५६. नग मोजून घ्यावे.’ ते बरणी घेऊन माझ्याकडे आले, संतापलेले. मूळ स्वरूपात परत मिळाली नाहीत, मिठामसाल्याचा खर्च आपण देणं लागत नाही, वगैरे वगैरे. मी टाइप करत होतो आणि ते बोलता बोलता बरणीतली एकेक फोड खात होते. मजकूर संपेपर्यंत पुरावा पाऊण झाला होता, म्हणून तो अर्ज आम्ही दाखल केला नाही.

त्या वर्षी होळीनंतर मात्र ते वेगळ्याच उत्साहात आले. खुर्ची ओढून अगदी जवळ बसले आणि म्हणाले, “भाऊ, गैरअर्जदारानं धंदा सुरू केला.”

“कसला?”

“चकती एकसारखी फिरून राहिली. रात्रंदिवस. फ्रीज असता तर मधी थांबला असता. कूलर असता तर दुपारी जोर असता आन् पहाटे नसता. हे थांबतच नाही. हिशेब लावला. साडेतीनशे वॅट, चोवीस तास.” त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. “भिंतीला कान लावला तर आवाज येते. फुस्स करते, थांबते, पुन्हा फुस्स करते. साळा उमरेडहून मोठं खोकं घेऊन आला होता, म्हणजे थो भागीदार. अंडी उबवायची मशीन आहे. दुसरं काही असूच शकत नाही.”

मी म्हटलं, “मधी एक भिंत आहे. जाऊन विचारा ना बाप्पा.”

“तोंडी व्यवहार नाही आपला,” ते म्हणाले. “लेखी काय थे.”

त्यांची तक्रार तशी खोटी नव्हती. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. घरात जितकी जास्त जळेल तितकं पुढचं युनिट महाग. मीटर एक असल्यामुळे तिच्या मशीनपायी ह्यांचंही बिल वरच्या टप्प्यात गेलं होतं. तिने तिची सगळी युनिटं चोख भरली, पण दराच्या फरकाचे तेराशे शहाऐंशी रुपये ह्यांच्या अंगावर आले होते. पेन्शनर माणसाला तेराशे रुपये कमी नसतात, आणि रीडरसाहेबांना तर सहा रुपयेसुद्धा कमी नव्हते. मी नोटीस टाइप केली: गैरअर्जदार यांनी घरगुती वीजजोडणीवर अंडी उबवणी यंत्राचा व्यवसाय विनापरवाना सुरू केला असून, फरकाची रक्कम रुपये तेराशे शहाऐंशी फक्त त्वरित द्यावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल. टाइप करताना मी हसत होतो. शेजारच्या टेबलावरच्यालाही वाचून दाखवलं आणि तोही पोट धरून हसला. हे मला लपवायचं नाही.

उत्तर पोस्टकार्डावर आलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ. ‘यंत्र आहे. अंडी नाहीत. हिशेब समक्ष देईन.’ रीडरसाहेब ते कार्ड हातात नाचवत आले. यंत्र आहे हे कबूल, म्हणजे अर्धी लढाई जिंकली. मग आम्ही लोकअदालतीत अर्ज टाकला, तारीख मिळाली. मधल्या दिवसांत ते एकदा तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटी घेऊन माझ्या टेबलाशी हजर झाले. अकरा वर्षांत त्यांनी मला काही खाऊ घातल्याची ही पहिली वेळ. “नोटीस लागू पडली, भाऊ,” ते म्हणाले. “ज्या दिवशी पोचली त्याच दिवसापासून दुपारी बारा ते चार मशीन बंद. रोज पाहून राहिलो. एक दिवस चूक नाही. भ्याली.” मे महिना होता, नवतपा सुरू झालेला, आवारात कुत्रंही सावली सोडत नव्हतं. आम्ही पोहे चवीने खाल्ले. त्या पोह्यांची आठवण आली की अजून माझ्या तोंडाची चव जाते.

तारखेच्या दिवशी मीही आत गेलो, कारण फाइलमधली पानं वेळेवर सापडायची तर माझी गरज लागे. पॅनलवर एक निवृत्त न्यायाधीश मॅडम आणि एक वकील होते. खोलीच्या खिडकीत कूलर खडखडत होता. पुकारा झाला, रीडरसाहेब शर्ट नीट करून उभे राहिले, आणि दारातून आधी तिचा उमरेडचा भाऊ आत आला. त्याच्या हातात छोट्या चाकांची गाडी होती, गाडीवर सिलिंडर, आणि सिलिंडरची नळी त्याच्या मागून येणाऱ्या बाईच्या नाकात गेलेली. मी तिला चारपाच वर्षांपूर्वी एकदा पाहिलं होतं, भरल्या अंगाची. आता साडीच्या आत बाई शोधावी लागत होती. चार पावलं टाकून ती थांबे, श्वास घेई, आणि पुढची चार टाके. खुर्चीपर्यंत पोचायला तिला इतका वेळ लागला की मॅडमनी तेवढ्यात अर्ज वाचून काढला.

“हे अंडी उबवणी यंत्र…” मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

“फुप्फुसं गेली माझी,” मास्तरीणबाई म्हणाली. एकेक शब्द तोडून. “घरी हवेतून ऑक्सिजन काढायची मशीन आहे. डॉक्टर म्हणते, चोवीस तास लावा. अंडी-बिंडी नाही मॅडम. थे मलेच उबवून राहिली.”

वकील हसणार होते, पण त्यांनी तोंडावर हात ठेवला. सगळे रीडरसाहेबांकडे पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माणूस इतका हादरला की हातात जे असेल तेच धरून राहतो, आणि ह्या माणसाच्या हातात आयुष्यभर एकच गोष्ट होती.

“वॅट किती?” त्यांनी विचारलं.

“साडेतीनशे.”

“हो,” ते हळूच म्हणाले. “साडेतीनशेच काढले होते मी.”

मला वाटलं आता बसतील. पण हिशेबातली एक गोष्ट जुळत नव्हती, आणि जुळत नसलेली गोष्ट सोडून देणं त्यांना जमत नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहून ते म्हणाले, “चोवीस तास लावाची मशीन, तर मंग दुपारी बारा ते चार बंद काहून राहाते?”

“तुमची नोटीस आली ना,” ती म्हणाली. “चार तास बंद ठेवली तर वरचा टप्पा लागत नाही. काढला मी हिशेब. रात्री नाही जमत, गुदमरते. दुपारी बसून, वाकून, काढता येते कसंबसं.”

नोटीस पोचल्याला चौतीस दिवस झाले होते. रीडरसाहेब खाली बसले, आणि बसताना त्यांच्या मांडीवरची फाइल घसरून पानं जमिनीवर पसरली. ती उचलायला मी वाकलो. सगळ्यात वर माझीच नोटीस होती, ‘विनापरवाना’ या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारलेली. मला लाज वाटली. अशी लाज मला त्याआधी धंद्यात कधी वाटली नव्हती.

“अर्ज मागे घेतो,” रीडरसाहेब म्हणाले.

“घ्यायचा नाही,” ती म्हणाली. “माझ्यावर कोनाचं काही राहाले नाही पाहिजे. तेराशे शहाऐंशी आणले मी.” तिने कमरेची पिशवी काढून भावाकडे दिली आणि भावाने नोटा टेबलावर मोजल्या. मॅडमनी तिला समजावून पाहिलं, ह्यांनाही समजावून पाहिलं. शेवटी तिनेच तडजोडीची अट घातली. मशीन चोवीस तास चालेल. तिची युनिटं ती भरेल. फक्त महिन्याच्या चिठ्ठ्या आणि नोटिसा बंद; सबमीटर रोज वाचायचं आणि आत येऊन आकडा तिला सांगायचा.

“तोंडी?” रीडरसाहेबांनी विचारलं.

“तोंडीच. वाचताना दम लागते मले.”

त्या कागदावर दोघांनी सह्या केल्या. आधी सही कोणी केली ते माझ्या लक्षात नाही, आणि त्यांनाही तेव्हा त्याचं भान नव्हतं.

जुलैत तडजोडीची पक्की प्रत द्यायला मी सक्करदऱ्याला गेलो. खरं सांगायचं तर प्रत हे निमित्त होतं. मास्तरीणबाई खिडकीशी उशांना टेकून बसल्या होत्या, पायाशी ते यंत्र, लहान कपाटाएवढं. फुस्स करायचं, थांबायचं, पुन्हा फुस्स करायचं. बरोबर पाच वाजता रीडरसाहेब आले. व्हरांड्यात टॉर्चचा उजेड हलला, मग ते खोलीत येऊन उभे राहिले आणि शाळेतल्या पोराने पाढा म्हणावा तसं म्हणाले, “आज पाच पूर्णांक सहा.” तिने मान हलवली. मग ते स्टुलावर बसले. पहिले आठ दिवस म्हणे ते उंबरठ्यावरूनच आकडा सांगून पळायचे. आता स्टुलापर्यंत मजल आली होती. बोलले फार नाहीत. लिंबं यंदा कमी लागली, एवढं म्हणाले, आणि ती म्हणाली, “पाणी कमी पडलं असन.” मग नळी कुठे मुडपली आहे का ते त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, मशीनची जाळी काढली, बाहेर नेऊन धुतली, पुसून परत बसवली आणि गेले.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, “खोटं सांगून राहिले, भाऊ.”

“काय खोटं?”

“साडेतीनशे गुणिले चोवीस. आठ पूर्णांक चार होते. पंखा-लाइट वेगळाच. अन् हे रोज पाच सांगते, साडेपाच सांगते. वरचे पैसे स्वतः भरून राहिले. सातवीच्या पोरालेही कळन.” ती थोडी थांबली, श्वास जमवला. “एकतीस वर्षं नोकरी केली यायनं, एक रीडिंग चुकवलं नाही. माझ्या बापाचं नाही चुकवलं. लग्नात सोळा वर्षं, जे बोलले थे बरोबरच होतं. मले त्या बरोबर असन्याचाच कंटाळा आला होता. त्याच्यापायीच सोडलं मी त्यायले.”

“मंग आता बोलत काहून नाही तुमी? पकडा ना.”

“पकडलं तर उद्यापासून पुन्हा बरोबर सांगतीन,” ती म्हणाली. “चुकू द्या.”

पोळा होऊन चार दिवस झाले आणि ती गेली. मशीन चालू होतं, भाऊ जवळ होता, आणि रीडरसाहेब व्हरांड्यात टॉर्च हातात घेऊन उभे होते. दहनघाटावर ते मागे मागे राहिले. कायद्याने त्यांचं तिथे काही नातं नव्हतं, आणि कायदा त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होता. नंतर ते डॉक्टरकडे गेले, एकटे. रोजचे चार तास, चौतीस दिवस मशीन बंद राहिलं, त्याने किती फरक पडला, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, आजारच तसा होता, तासांच्या हिशेबात असं काही सांगता येत नाही. हे मला सांगताना त्यांच्या आवाजात जो राग होता, तो डॉक्टरवर नव्हता. सांगता येत नाही असं उत्तर त्यांना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मीही माझ्यापुरता तो हिशेब कधी कधी घालतो. ती नोटीस टाइप करताना मी हसलो नसतो, हात थांबवून एकदा दटावून म्हटलं असतं की साहेब, आधी दार वाजवा, मग अर्ज करू, तर? पण पानाचे तीस रुपये मिळत होते आणि मजकूर गमतीचा होता.

तेरावं झाल्यावर भाऊ आणि रीडरसाहेब दोघे माझ्या टेबलाशी आले. भावाच्या वाट्याला बहिणीचा हिस्सा आला होता. कागदपत्रं लावायची तर सामायिक बिलांपोटी रीडरसाहेबांचं काही येणं नाही, असं त्यांनी लिहून द्यायला हवं होतं. भाऊ सरळ माणूस. तो म्हणाला, “भाऊजी, बहिणीच्या वहीत रोजचे आकडे आहेत. मशीनच्या मानानं थे कमी वाटून राहिले. फरक निघत असन तर मी देतो.” घटस्फोटाला अकरा वर्षं झाली तरी तो ‘भाऊजी’च म्हणत होता.

“आकडे बरोबर आहेत,” रीडरसाहेब म्हणाले. “मी स्वतः वाचले.”

मी टाइप केलं: सबब माझे कैलासवासी गैरअर्जदार यांचेकडे वीज, पाणी अथवा अन्य कोणत्याही बिलापोटी काहीही येणे नाही. प्रिंटरला हात घालणार तोच ते म्हणाले, “थांबा. आणखी एक ओळ टाका. तिचं माझ्याकडे बाकी आहे.”

भाऊ चमकला. “भाऊजी, काय बाकी? काही नाही बाकी. राहू द्या ना.”

“राहू कसं देता? बाकी आहे. टाका भाऊ.”

“किती?” मी विचारलं. धंद्याची सवय, आकडा नसेल तर येणं लिहिता येत नाही.

त्यांनी डायरी काढली नाही, बोटं मोडली नाहीत. आकडा तयारच होता.

“एकशे छत्तीस तास,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. भाऊ दुसरीकडे तोंड करून उभा होता. अशी ओळ कुठलंही कोर्ट वाचणार नाही, उलट कागद परत येईल, हे मला ठाऊक होतं, आणि त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तरी मी टाइप केली. रकमेपुढे ‘फक्त’ लिहायची आमच्यात पद्धत आहे, आकड्याला पुढे कुणी शेपूट जोडू नये म्हणून. बोटं सवयीने त्या अक्षरावर गेली होती. मी ती उचलून घेतली. रीडरसाहेबांनी कागद दोनदा वाचला, एकही चूक काढली नाही आणि खाली सही केली. मग त्यांनी भावाची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि दोघे उमरेडच्या गाडीसाठी स्टँडकडे चालत गेले.